नारळाआधी लॅडल

मा. संपादक,
स.न.वि.वि.

पत्र जरा लांबणार आहे, कापायचंच असेल तर सुरुवातीचं कापा, शेवटचं कापू नका एवढी विनंती.

तुमच्या पेपरात गेले पंधरा दिवस जी पत्रापत्री चाललीय ना, रॉकेट सोडायच्या आधी शास्त्रज्ञांनी देवळात जावं का जाऊ नये, ती मी रोज सकाळी चहाबरोबर वाचतोय. एकजण लिहितो विज्ञानाची लाज काढली, दुसरा लिहितो बघा एवढे मोठे शास्त्रज्ञ देवापुढं वाकतात आणि तुम्ही कोण लागून गेलात, मग तिसरा दोघांना शहाणपण शिकवतो. तिघंही शिकलेली माणसं दिसतात, मराठी पण चांगलं लिहितात, पण मला राहून राहून असं वाटतं की यातल्या कुणी सकाळी सात वाजता बंद पडलेलं मशीन हातानं चालू केलेलं नसावं. केलं असतं तर भांडण वेगळ्या गोष्टीवर झालं असतं.

मी फौंड्रीतला माणूस, म्हणजे लोखंड वितळवून साच्यात ओतायच्या कारखान्यातला. आयटीआय करून १९९२ ला लागलो, तेव्हापासून भट्टीजवळच आहे, आधी हेल्पर मग मेल्टर मग शिफ्ट इनचार्ज. आमच्या कोल्हापूरला हे काही नवीन नाही, उद्यमनगर, शिरोली, गोकुळ शिरगाव कुठंही जा, घरटी एक माणूस कास्टिंगच्या नाहीतर मशीनशॉपच्या धंद्यात सापडेल. आणि आमच्याकडं देव पण भरपूर. भट्टीच्या पॅनेलवर अंबाबाईचा फोटो, सँड प्लँटच्या खांबावर जोतिबाचा, ऑफिसात गणपती, आणि स्टोअरवाल्याच्या ड्रॉवरमधे साईबाबा. शिफ्ट सुरू झाली की पहिली उदबत्ती, मग भट्टीचा स्विच. मी स्वतः लावतो. त्यामुळं मी नास्तिक आहे म्हणून हे लिहितोय असं कुणी समजू नये.

आता खंडेनवमीचं बघा. बाहेरच्या लोकांना वाटतं कारखान्यातली खंडेनवमी म्हणजे मशीनला झेंडूचा हार, कुंकवाची बोटं, कोहळा, नारळ आणि चिरमुरे-पेढे. ते असतंच, पण आम्ही लागलो तेव्हा खरी खंडेनवमी आदल्या दिवशी असायची. अष्टमीला दुपारपासून प्रॉडक्शन बंद आणि सगळ्या कारखान्याच्या हातात चिंध्या, रॉकेल आणि वायरब्रश. लेथच्या बेडवरचा चिप खरडून काढायचा, गिअरबॉक्सचं तेल बदलायचं, क्रेनची वायररोप हातात जाड कापड घेऊन फूट फूट तपासायची, तुटलेली तार कापडाला अडकते ना, लगेच कळतं. कुठला बोल्ट ढिला आहे, कुठल्या होजला चीर गेलीय, पॅनेलमधे उंदरानं घर केलंय का, हे सगळं त्या एका दुपारी बाहेर पडायचं, कारण वर्षभर ज्या मशीनकडं नुसतं बटण दाबण्यापुरतं बघितलं त्याच्या खाली आडवं झोपून हात घालायची वेळ तेव्हाच यायची. ज्यानं कुणी ही हत्यारं पुजायची पद्धत पाडली तो माणूस मेंटेनन्सवाला असणार असं मी आमच्या पोरांना नेहमी सांगतो. घाण मशीनला कुंकू लावायला हात धजत नाही, म्हणून आधी पुसणं आलं, आणि पुसताना चीर दिसते.

हल्ली काय होतं, ऑर्डर असते, डिस्पॅच असतो, अष्टमीला रात्री दहापर्यंत मशीन चालवतात आणि सकाळी गुरुजी यायच्या आधी धुळीवरच हार. आमच्या शेजारच्या शेडात तर चालू प्रेसच्या गार्डला हार बांधला होता, तो आत ओढला जाईल म्हणून ऑपरेटरनं गार्डच काढून ठेवलं. यात देवाचा काय दोष सांगा.

नारळाचं पाणी हा एक स्वतंत्र विषय आहे. आमच्या एका साहेबांनी नव्या मशीनवर नारळ फोडला, पाणी गाइडवेवर, म्हणजे मशीन सरकतं त्या घासलेल्या पट्टीवर, दोन दिवस सुट्टी, आल्यावर बघतो तर तांबूस डाग. मशीन लाखांचं आणि डाग नारळाचा. तेव्हापासून मी नारळ दगडावर फोडायला लावतो, दगड मशीनच्या पायाशी, आणि कुंकू मशीनला. देव काही बोललेला नाही अजून.

आता ज्यांच्याकडं मी काम शिकलो त्यांच्याबद्दल सांगतो. आम्ही सगळे त्यांना चाचा म्हणायचो. मुसलमान माणूस, पाच वेळची नमाज जमेल तशी, पण शुक्रवारची कधी चुकली नाही, आणि खंडेनवमीला भट्टीला पहिला हार घालायचा मान त्यांचा, ते पण पिढीजात असल्यासारखं. थर्मामीटर वगैरे आमच्याकडं उशिरा आले, चाचा निळ्या काचेतून भट्टीत बघायचे आणि म्हणायचे अजून दहा मिनिटं, आणि दहा मिनिटांनी पायरोमीटर लावला तर चौदाशेच्या वर काटा, जिथं पाहिजे तिथं. वेज ओतायचे, म्हणजे पाचरीच्या आकाराचा छोटा तुकडा, तो गार करून हातोड्यानं तोडायचे आणि तुटलेल्या तोंडावर पांढरी कड किती रुंद आली ते बघून सांगायचे की सिलिकॉन कमी पडलंय, एक मूठ टाक. साच्याची वाळू तर मुठीत दाबून बघायचे. मूठ उघडली की गोळ्यावर बोटांचे ठसे स्वच्छ उठले पाहिजेत, गोळा मधोमध मोडला तर कडा ढासळता कामा नयेत आणि तळहाताला ओल लागता कामा नये. आता लॅबमधे पोरगी मशीनवर मॉइश्चर काढून सांगते तीन पॉइंट चार, बरोबरच असतं, पण चाचांची मूठ पण बरोबरच असायची.

टॅपिंगच्या, म्हणजे भट्टीतलं लोखंड बाहेर काढायच्या, आधी ते बिस्मिल्ला म्हणायचे. पण कधी म्हणायचे? सगळं बघून झाल्यावर. लोखंड ज्यात घ्यायचं ते लॅडल आतून लाल झालंय का, ओतायच्या वाटेत कुणाची बादली, होज, पाइपचा तुकडा पडलाय का, खड्ड्यात पाणी साचलंय का, पोरांचे बूट, पायावरचं लेग गार्ड, सगळीकडं एक फेरी मारायची, मग भट्टीपाशी यायचं, डोळे मिटायचे आणि मग तो एक शब्द. मी नवीन होतो, एकदा घाई होती म्हणून म्हणालो चाचा बिस्मिल्ला म्हणून टाका की, फेरी नंतर मारू. ते म्हणाले, पैले उंट बांध, फिर अल्ला के नाम पे छोड. त्यांच्या धर्मात तशी गोष्ट आहे म्हणे, कुणीतरी पैगंबरांना विचारलं उंट मोकळा सोडून भरवसा ठेवू का बांधून ठेवू, तर उत्तर मिळालं बांध आणि मग भरवसा ठेव. आम्हाला उंट कुठला माहीत, जत्रेत पोरांना एक फेरी मारायला येतो तेवढाच, पण ते वाक्य डोक्यात बसलं. बसलं म्हणजे तेव्हा नुसतं पाठ झालं. कळलं नंतर, आणि ते कसं कळलं तेच सांगायला हे पत्र लिहितोय.

२००४ सालचा दसरा. कारखान्याचं नाव सांगत नाही, मालक भला माणूस होता आणि आता हयातही नाही. चाचा रिटायर होऊन बरीच वर्षं झालेली, मी शिफ्ट इनचार्ज. पद्धत अशी की खंडेनवमीला पूजा आणि दसऱ्याला सकाळी मुहूर्ताची एक हीट काढायची, म्हणजे एक भट्टी लोखंड वितळवायचं, चार-दोन मोल्ड म्हणजे साचे ओतायचे, पेढे वाटायचे आणि सुट्टी. ज्यांना फौंड्री माहीत नाही त्यांच्यासाठी सांगतो, भट्टीतलं लोखंड थेट मोल्डमधे जात नाही, ते लॅडलमधे काढतात, लॅडल म्हणजे पोलादी डबा, आतून मातीचं अस्तर. ते अस्तर झिजतं, मग त्याला ठिगळ मारायचं, आणि नवीन ठिगळ मारलं की ते आधी सावकाश वाळवायचं आणि मग बर्नर लावून तापवायचं, पार लाल होईपर्यंत. का, तर मातीत पाणी असतं. वरून दिसत नाही, हात लावला तरी कोरडं वाटतं, पण आत असतं. त्यावर चौदाशे डिग्रीचं लोखंड पडलं की त्या पाण्याची वाफ होते आणि वाफ पाण्याच्या सोळाशे-सतराशे पट जागा मागते. तिला बाहेर पडायला वाट एकच, वरच्या लोखंडातनं. चमचाभर पाणी असलं तरी पुरतं.

खंडेनवमीला साफसफाई चांगली झाली होती, त्यात आम्ही कमी पडलो नाही. उलट जास्तच केली. लॅडलचं अस्तर उखडलेलं दिसलं म्हणून संध्याकाळी मीच ठिगळ मारायला सांगितलं, बर्नर काढून साफ केला, त्याला सिल्व्हर पेंट मारला आणि हार घालून पूजेला मांडला. दसऱ्याला सकाळी बघतो तर बर्नर अजून पाटावरच, होज काढलेली, जोडणाऱ्या पोराला यायला उशीर. बर्नर पेटला तेव्हा साडेदहा वाजून गेलेले आणि मुहूर्त अकरा चाळीसचा. गुरुजींनी काढून दिलेला, कागदावर लिहून ऑफिसात चिकटवलेला. मालकांची आई आली होती, पंच्याऐंशी वर्षांची, तिच्या हातनं नारळ. बँकेचे साहेब आले होते. अकरा पस्तीसला मी लॅडलमधे वाकून बघितलं, काठ लाल होता, तळ काळसर होता.

काळसर होता. मी बघितलं होतं. हे मी आजपर्यंत पोलिसांनी विचारलं तेव्हा पण सांगितलं आणि बायकोला पण सांगितलं, की मला दिसलं होतं. मालक म्हणाले काय, चालेल ना? मुहूर्त टळायला नको. आणि मी म्हणालो, चालेल, देव आहे की. माझ्या तोंडचे शब्द आहेत हे, मालकांच्या नव्हे.

पुढं काय झालं ते पाच सेकंदात झालं. लोखंड तळाला लागलं, एक घरघर ऐकू आली, भात उतू जायच्या आधी येते तशी, आणि लॅडलनं उकळी मारली. म्हातारी लांब बसली होती म्हणून वाचली. बँकेचे साहेब पळाले. हेल्पर पोरगा, विशीतला, लॅडलच्या दांड्यावर होता, तो दांडा सोडेना, कारण सोडला असता तर सगळं लॅडल आडवं झालं असतं. दसरा म्हणून नवी कोरी पँट घालून आला होता, टेरिकॉटची, आणि मुहूर्ताच्या हीटला कशाला म्हणून लेग गार्ड बांधलेलं नव्हतं, ते पण मी बघितलं होतं. टेरिकॉट नुसतं जळत नाही ओ, वितळतं आणि चिकटतं. उजव्या पायावर, पार घोट्यापर्यंत. तीन महिने दवाखाना, दोनदा मांडीची कातडी काढून लावली.

त्या दिवशी संध्याकाळी कारखान्यात जे बोलणं झालं ते मला जास्त लागलं. कुणी म्हणालं मुहूर्त चुकीचा काढला. कुणी म्हणालं कोहळा नीट कापला नव्हता. एकानं तर सांगितलं की पूजेत सुतक असलेला माणूस होता. सगळे कारण वर शोधत होते आणि कारण लॅडलच्या तळाला होतं, हाताच्या अंतरावर. आणि दुसऱ्या बाजूला लेबर ऑफिसला एक शिकलेला तरुण भेटला, तो म्हणाला हे सगळं पूजाअर्चेमुळं झालं, बंद करा ती. मला ते पण पटलं नाही, अजून पटत नाही. आदल्या दिवशी पूजा होती म्हणून तर लॅडलचं उखडलेलं अस्तर दिसलं! नाहीतर तसंच वापरलं असतं आणि एखाद्या दिवशी भगदाड पडलं असतं. पूजेनं दाखवलं, घाईनं घालवलं. घाई मुहूर्ताची होती हे खरं, पण महिनाअखेरीला तीच घाई डिस्पॅचची असते, तिथं कुठं गुरुजी असतात.

आता तुमच्या त्या रॉकेटच्या भांडणाकडं येतो. चांद्रयान ३ च्या वेळी इस्रोच्या टीमचे लोक छोटं मॉडेल घेऊन तिरुपतीला गेले, १३ जुलै २०२३, दुसऱ्या दिवशी उड्डाण, आणि २३ ऑगस्टला संध्याकाळी सहा वाजून चार मिनिटांनी विक्रम चंद्रावर टेकलं. आम्ही कारखान्यात एका मोबाइलवर पंधराजण बघत होतो. तुमचे पत्रलेखक म्हणतात हा बालाजीचा आशीर्वाद. असेल, मी नाही म्हणणारा कोण. पण २०१९ ला चांद्रयान २ च्या वेळी पण त्यांचे प्रमुख तिरुपतीला जाऊन आले होते, आणि त्या वेळचं विक्रम सप्टेंबरात चंद्रावर आपटलं. देव तोच, देऊळ तेच. मधल्या चार वर्षांत बदललं काय ते बघा ना. आधी उतरायला पाचशे मीटर बाय पाचशे मीटरची जागा धरली होती, ती चार किलोमीटर बाय अडीच किलोमीटरच्या आसपास केली. पाय मजबूत केले, सेकंदाला दोन मीटरऐवजी तीन मीटर वेगानं टेकलं तरी सोसेल असे. इंजिनं पाचाची चार केली, इंधन वाढवलं, वेग मोजायला नवं लेझरचं यंत्र बसवलं. आणि विचार करायची पद्धतच उलटी केली, सगळं नीट झालं तर कसं उतरेल असं न धरता काय काय बिघडेल आणि ते बिघडलं तरी कसं उतरेल, असं धरून डिझाइन केलं, हे त्यांच्या प्रमुखांनीच तेव्हा जाहीर सांगितलं. आमचे चाचा याला फेरी म्हणायचे.

पण माझ्या दृष्टीनं त्यातली सगळ्यात मोठी गोष्ट वेगळीच आहे आणि त्यावर एकानंही पत्र लिहिलेलं नाही. १५ जुलै २०१९, चांद्रयान २ चं पहिलं उड्डाण ठरलं होतं पहाटे दोन एक्कावन्नला. दर्शन झालेलं, सगळा देश टीव्हीपुढं जागा, राष्ट्रपती स्वतः श्रीहरिकोट्याला हजर. आणि छप्पन मिनिटं राहिली असताना काउंटडाउन थांबवलं. तांत्रिक बिघाड. सगळ्यांना घरी पाठवलं, आठवड्यानं म्हणजे २२ जुलैला सोडलं. विचार करा, तिथं कुणीतरी एक माणूस असेल, त्याच्या स्क्रीनवर काहीतरी काळसर दिसलं असेल, आणि राष्ट्रपती बसलेले असताना तो म्हणाला असेल की थांबा. माझ्याकडं तर बँकेचे साहेब आणि एक म्हातारी होती.

तो देवळात गेला होता का नव्हता हे मला नाही विचारायचं. गेला असला तरी थांबला, एवढं बस्स आहे मला.

आणि हे फक्त शास्त्रज्ञांनाच जमतं असं पण नाही. माझी आई माळकरी, माउलींच्या पालखीबरोबर वीस वर्षं चालली, गुडघे गेल्यावरच थांबली. वारी म्हटलं की बाहेरच्यांना वाटतं भोळी माणसं, विठ्ठल विठ्ठल करत निघाली, होईल ते होईल. आमच्या आईच्या दिंडीचे वीणेकरी चैत्रातच वही काढून बसायचे, किती माणसं, किती पिशव्या गहू, ट्रकचे टायर, राहुट्यांच्या खुंट्या मोजून, पाण्याचा टँकर कुठल्या मुक्कामाला उशिरा पोचतो ते मागच्या वर्षीच्या वहीत लिहिलेलं. कुठल्या दिंडीनं रथाच्या पुढं कितव्या जागी आणि मागं कितव्या जागी चालायचं ते नंबरसकट ठरलेलं, त्यात कुणी इकडंतिकडं होत नाही. दिवे घाट चढायचाय म्हणून आई महिनाभर आधी रोज पहाटे रंकाळ्याला दोन फेऱ्या मारायची, नव्या चपला दोन महिने आधी घेऊन घरात वापरायची. विठोबा बोलावतोय हा तिचा पक्का विश्वास, पण चपला चावल्या तर विठोबा काय करणार हा पण पक्का विश्वास.

त्या वारीत संध्याकाळी तळावर समाजआरती असते. मी एकदाच गेलोय पण ते चित्र डोळ्यापुढनं जात नाही. हजारो लोक, टाळ-मृदंगाचा नुसता कल्लोळ, आणि चोपदार चोप वर करतात, की झालं, पान हललं तरी ऐकू येईल अशी शांतता. पण ज्या दिंडीची काही तक्रार असेल ती दिंडी गप्प बसत नाही. ती टाळ वाजवतच राहते. एवढ्या शांततेत एकट्या त्या दिंडीचे टाळ. मग चोपदार तिकडं जातात, काय झालं विचारतात, पाणी मिळालं नाही, चालताना कुणी मधे घुसलं, जे असेल ते ऐकतात, निकाल लावतात, मग ते टाळ थांबतात, मग आरती. म्हणजे बघा, एवढी मोठी पालखी, आणि एका दिंडीच्या टाळासाठी माउलींची आरती थांबते.

मला हे आईनं कितीदा सांगितलं होतं. पण अकरा पस्तीसला लॅडलमधे वाकून सरळ झालो तेव्हा सगळे गप्प उभे होते, मालकांच्या आईच्या हातात नारळ होता, आणि मी पण गप्प झालो. टाळ वाजवायला पाहिजे होते मी.

म्हणून संपादकसाहेब, खंडेनवमी जवळ आलीय तर तुमच्या पेपरातनं आमच्या भागातल्या कारखानदारांना माझं एवढंच मागणं आहे. पूजा करा, जोरात करा, गुरुजींना दक्षिणा पण चांगली द्या. पण मुहूर्त काढायच्या आधी गुरुजींना लॅडलवाल्याशी, क्रेनवाल्याशी, बॉयलरवाल्याशी बोलायला लावा, की बाबा तुला किती वेळ लागतो. आम्ही आता तसंच करतो. गुरुजी पण हुशार आहेत, म्हणाले अहो दसरा म्हणजे साडेतीन मुहूर्तातला एक, त्या दिवशी वेगळी वेळ काढायची मुळात गरजच नाही, लोक मागतात म्हणून मी घड्याळ बघून देतो! हे मला २००४ ला कुणी सांगितलं असतं तर, जाऊ दे.

आणि दुसरं, मुहूर्ताच्या वेळी थांब म्हणायचा हक्क एका माणसाला नाव घेऊन द्या, सगळ्यांसमोर, आणि तो माणूस मालकाचा मेहुणा नसावा. आमच्याकडं हा हक्क सध्या बर्नर लावणाऱ्या पोराकडं आहे, वय चोवीस. त्यानं गेल्या वर्षी वापरला. पाहुणे तासभर ताटकळले, एकजण पेढा न घेताच निघून गेले, मालकांचं तोंड बघण्यासारखं झालं होतं. तिसरं, दसऱ्याला नवे कपडे घालून या, पण भट्टीपाशी यायच्या आधी बदला, ते लॉकर कशाला दिलेत.

ज्या पोराचं मी सांगितलं तो आता चाळिशीला टेकलाय. फौंड्री सोडली, पॅटर्नशॉपमधे लाकडावर काम करतो, हात सोन्याचा आहे. त्यानं मला कधी एक शब्द बोलून दाखवला नाही, बोलला असता तर बरं झालं असतं असं कधीकधी वाटतं. दरवर्षी दसऱ्याला संध्याकाळी बायकापोरांना घेऊन सोनं द्यायला येतो. आपट्याचं पान हातात ठेवतो, मी वयानं मोठा म्हणून वाकतो, वाकताना उजवा पाय जरा मागं घेतो कारण घोट्याची कातडी ताणते. मी नको नको म्हणतो, तो वाकतोच. मग पोरं आत पळतात आणि आम्ही दोघं चहा येईपर्यंत बसतो.

गेल्या वर्षी विचारलं त्यानं, "काका, आज हीट किती वाजता काढली?"

म्हटलं, "पाऊण वाजता."

"आणि मुहूर्त?"

"साडेअकराचा होता."

"मालक काय म्हणाले?"

"काय म्हणतात. बर्नरशेजारी खुर्ची टाकून बसले होते, लॅडलमधे बघत."

हसला, आणि दुसरा पेढा उचलला.

आपला,
एक फौंड्रीवाला,
शिरोली, जि. कोल्हापूर